कारखान्यात झिजवलेली गिटार

वर्ध्याला आमचं वाद्यांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तिथे ढोलक, तबला, पेटी आणि खंजिरी एवढंच मिळायचं. पवनार, आंजी, सिंदी इकडच्या भजनी मंडळांची माणसं यायची, खंजिरीवर नवं कातडं चढवून न्यायची, जाताना चहा पिऊन जायची. गिटारी मी आणल्या. आता भिंतभर टांगलेल्या असतात. मला त्यांतली एकही धड वाजवता येत नाही. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितो आहे, कारण पुढचं सांगायचं तर हे लपवून चालणार नाही.

ज्या कंपनीच्या गिटारी मी विकतो तिने आम्हा दुकानदारांना एकदा नागपूरच्या हॉटेलात बोलावलं. गळ्यात फीत अडकवलेला एक तरुण माणूस पडद्यासमोर येरझारा घालत बोलत होता. त्याने आल्याआल्या 'गिऱ्हाईक' या शब्दावर बंदी घातली. म्हणायचं 'परिवार'. मग तो मुद्द्यावर आला.

"सर जी, ज्या माणसाकडे आधीच गिटार आहे त्याला गिटारची गरज नाही. मग त्याला काय विकायचं? त्याला हे विकायचं, की तो बाकीच्यांसारखा नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर वहीत उतरवून घेतलं. शेजारी बसलेला अमरावतीचा दुकानदार कानाशी लागून म्हणाला, "हे तर आमचा बुढा साडीच्या दुकानात बिना पडद्याचं सांगत होता." मी हसलो नाही. मला ती पाटी हवी होती. सगळ्यात महागडी मालिका जो खपवेल त्याला 'सुवर्ण विक्रेता' अशी चकचकीत पाटी मिळणार होती. पन्नाशीच्या माणसाला पितळेच्या पत्र्याची एवढी हाव सुटावी, हे आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

त्या मालिकेचं नाव 'वारसा'. कुणाचा वारसा, ते कंपनीने सांगितलं नव्हतं. मोठ्या खोक्यात लहान खोकं, त्यात मखमलीची पेटी, पेटीत पांढरे हातमोजे, सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र आणि मग गिटार. आणि ती गिटार झिजलेली. बाहेरच्या देशांत म्हणे वर्षानुवर्षं वाजवून घासलेल्या गिटारींना फार मान असतो. तसा मान मिळवायला कुणीतरी वर्षानुवर्षं वाजवावं लागतं, आणि कंपनीला तेवढा वेळ नव्हता. म्हणून कारखान्यातच नव्या गिटारीला काचकागदाने घासायचं, जागोजागी रंग उडवायचा, किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडे काढायचे, खुंट्या कसल्याशा पाण्यात बुडवून काळ्या पाडायच्या. कमी झिजलेली, मध्यम झिजलेली आणि पार झिजलेली, अशा तीन प्रती होत्या. पार झिजलेली सगळ्यात महाग. आमच्याकडे बोहारीण फाटका कपडा घेताना नाक मुरडते, पण तिला कुणी नागपूरच्या हॉटेलात शिकवायला बोलावलेलं नाही.

आणखी एक योजना होती. घरची जुनी गिटार आणून द्या, नव्यावर सूट घ्या. ती जुनी गिटार आम्ही विकायची नाही. मान करवतीने कापायची आणि त्याचं चित्रण कंपनीला पाठवायचं. का, असं मी विचारलं तेव्हा तो फितीवाला म्हणाला, "जुनी बाजारात राहिली तर कोणीतरी तिलाच वाजवत बसेल न, सर."

घरी परतताना आठवून पाहिलं, की आपल्याकडे कायमचं येणारं गिऱ्हाईक कोण? पहिलंच नाव आलं ते कंडक्टर काकांचं.

काका पवनारचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गावच्या भजनी मंडळात ते गिटार वाजवतात. वडिलांनी कधीतरी एका शाळेसाठी एक गिटार मागवली होती, ती शाळेने नेलीच नाही. तेव्हा तरुण असलेल्या काकांनी "ही तर मोठी एकतारी झाली" म्हणत ती उचलली. दोन-तीन स्वर शिकले आणि खंजिरीच्या ठेक्यावर ती गिटार आयुष्यभर छेडत राहिले. नखीसुद्धा घरची, साबणाच्या डबीच्या झाकणातून कापलेली. त्या नखीने गिटारीच्या लाकडात एक उथळ वाटी पडली होती. वर जिथे त्यांचा कोपर टेकायचा तिथे रंग जाऊन लाकूड हाताच्या तळव्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

तारा ते आमच्याकडूनच न्यायचे. आले की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि मला न विचारता भिंतीवरच्या सगळ्या गिटारी एकेक करून सुरात लावायचे. "या पोट्ट्यायले जरा शिस्त लावून देतो," म्हणायचे. मी त्यांना कधी धन्यवाद दिल्याचं आठवत नाही.

मी त्यांना फोन केला. शिकवल्याप्रमाणे केला.

"काकाजी, तुमच्यासाठी खास एक वस्तू आली. जिल्ह्यात एकालाच देऊन राह्यले. कंपनीनं तुमचं नाव काढलं."

"माहं? कंपनीले मी कसा काय माहीत?"

"इतक्या वर्षांपासून तारा नेता न. त्याची नोंद असते."

"अरे बापू, तारा तर तुटते म्हनून नेतो."

तरी ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात धुतलेला दुपट्टा टाकून, गिटार जुन्या चादरीत गुंडाळून आले. मी हातमोजे घातले आणि पेटी उघडली. काका बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हिचा तर रंग उडाला."

"तेच खास आहे, काकाजी. कारखान्यातूनच तशी येते."

"म्हंजे वापरलेली?"

"नाई, नाई. नवीच आहे. जुन्यासारखी केली."

"जुनी माह्याजवळ आहे न."

मी तेव्हाच पेटी बंद करायला हवी होती. एवढं सरळ बोलणं मी त्या हॉटेलात दिवसभरात ऐकलं नव्हतं. पण मी प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावर त्यांचं नाव छापून आलं होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा सोनेरी कागद मिळाला होता. आणि तरीही ते अडले.

"आन माहीचं काय करान?"

"कंपनी जपून ठेवते," मी म्हणालो. "मोठा हॉल आहे त्यांचा. काचेच्या कपाटात ठेवतात."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझं स्वतःचं होतं.

"काचेच्या कपाटात? माही?" काका हसले. दुपट्ट्याने त्यांनी जुन्या गिटारीवरची धूळ पुसली, मागची बाजूही पुसली, सूट जाऊन उरलेले पैसे मोजले आणि गिटार माझ्या हातात दिली. नवीच्या मोहाने त्यांनी जुनी दिली नाही. जुनीला मान मिळणार म्हणून दिली. हे मला त्याच वेळी कळलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून मी मागच्या खोलीत गेलो. तारा काढल्या. गिटार बाकावर आडवी केली, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि करवत चालवली. लाकूड कडक होतं, करवत पुनःपुन्हा अडकत होती. मान सुटली तेव्हा गिटारीचा खोका उलटा झाला आणि आतून कडुनिंबाचा वाळलेला पाला सांडला. कीड लागू नये म्हणून काकूंनी टाकला असणार. मी तो झाडून घेतला. तुकडे मात्र फेकवले नाहीत, तबल्यांच्या रिकाम्या खोक्यामागे उभे करून ठेवले. चित्रण पाठवलं. कंपनीकडून टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र आलं. पुढच्याच आठवड्यात पाटी आली. मी ती वडिलांच्या फोटोशेजारी लावली.

नवरात्र सुरू झालं आणि काकांचा फोन आला.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं आणि अवजारं पूजेत मांडतात. गवंड्याची थापी, शिवणारीचं मशीन, ड्रायव्हरची गाडी. सगळं आधी घासूनपुसून लख्ख करायचं. भजनी मंडळाच्या खंजिऱ्या, पेटी आणि काकांची गिटार काकांच्याच घरी मांडली जायची.

"बापू, एक काम कर. माही गिटार एका दिवसासाठी मागवून घे. पुजेत ठेवाची आहे. मंग देऊन टाकजो परत."

"काकाजी, ते कपाटातून काढत नाईत."

"अरे, एका दिवसासाठी. देवाचं काम आहे म्हनून सांगजो. तुही काकू म्हनते, नवी ठेवली तर पुजेत अनोळखी पाव्हना बसल्यासारखा वाटते."

"पाहतो," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही. दुकानात कुणी दुपट्टेवाला शिरला की मी हिशेबाच्या वहीत मान घालायचो. काका एका गोष्टीची वाट पाहत होते, आणि ती माझ्या पाठीमागे खोक्याआड दोन तुकड्यांत उभी होती.

दसऱ्याला मात्र जावंच लागणार होतं. वडील असल्यापासून संध्याकाळी सोनं द्यायला आमच्या घरचं कुणीतरी पवनारला जातं. मी आपट्याची पानं खिशात घालून गेलो. ओसरीवर मंडळाची तीन-चार माणसं बसली होती. काकू दारातच भेटल्या.

"या, व्यापारी. सोनं आनलं, का तेही घासलेलं आनलं?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि पाया पडलो. मग काकांनी मोठ्या कौतुकाने ती गिटार बाहेर आणली.

मी ती ओळखलीच नाही. देवळाच्या दारासारखी ती लाल तपकिरी चकाकत होती. ओरखडे गेले होते, उडालेला रंग गेला होता, काळ्या खुंट्या चिंचेने घासून पिवळ्याधमक केल्या होत्या. खालच्या कडेला पॉलिशचा एक ओघळ वाळून थेंबासारखा लटकला होता.

"तुमच्या कंपनीत सांदीकोपऱ्यात पडून होती वाटते," काकू म्हणाल्या. "रंग कसा खपल्या-खपल्यावर आलता. मी म्हनलं, आमाले फसवलं तर फसवलं, पुजेले तरी तिले मानसात आनू."

"चपड्याच्या पॉलिशचे हात मारले मस्त," मंडळाचा ढोलकवाला म्हणाला. तो सुतारकाम करतो. "काचकागद मारून, भेगा बुजवून. आता पन्नास वर्षं पाह्याचं काम नाई."

"आन पाय," काकांनी गिटार मांडीवर घेतली, "माहा हात पडते इथं. आन घासलेलं होतं तिकडं, वरतं. कोनी उंच मानसानं वाजवली असन अगोदर."

कुणीच वाजवली नव्हती. कारखान्यात कुठल्यातरी कागदावर एका कल्पित माणसाचा कोपर आखला होता आणि त्या कोपराखाली लाकूड घासलं होतं. आणि काकांचा खरा कोपर जिच्यावर टेकायचा ती गिटार मी करवतीने कापली होती.

मी फोन करायचं निमित्त करून अंगणात आलो. मनात आलं, निदान ही तरी परत द्यावी, काकांचे पैसे तरी परत मिळवून द्यावेत. मी फितीवाल्याला फोन लावला. वापरून पसंत न पडल्यास परत घेण्याची मुदत अजून संपली नव्हती. त्याने सगळं ऐकलं आणि एकदम ओरडला.

"चपडा? सर जी, काय सांगता! मग तर तिचं जुनेपण पूर्ण गेलं न!"

"गिटार चांगली आहे. वाजते."

"वाजण्याचा विषयच नाही, सर."

"म्हणजे नवी दिसते म्हणून तुम्ही परत घेत नाही?"

"एकदम बरोबर. आता ती खराब झाली."

वर त्याने मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. अशी माणसं खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. तो मनापासून बोलत होता. घासलेलं ते चांगलं, घासूनपुसून नवं केलेलं ते खराब, यावर त्याची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेचा त्याला पगार मिळत होता. खोटं बोलायला त्यांना माझ्यासारखा ओळखीचा, पाया पडणारा, गावचा माणूस लागतो.

आत आलो तर काका विचारू लागले, "कंपनीवाल्याशीच बोलत होता न? मंग माहीचं काय म्हने?"

ओसरीवरचे सगळे माझ्याकडे पाहत होते. पूजेची मांडणी अजून होती. खंजिऱ्या, पेटी, आणि त्यांच्यामध्ये गिटारीएवढी रिकामी जागा. नवी त्यांनी तिथे ठेवली नव्हती, कडेला ठेवली होती. काकांनी दोन दिवस ती जागा राखली होती.

"काकाजी, ती कपाटात नाई," मी म्हणालो. "ती कापली."

"कोनी?" काकूंनी विचारलं.

"कंपनीचा नियम होता..."

"कोनी कापली म्हनून विचारून राह्यले."

"मी."

ढोलकवाल्याने तोंडातला खर्रा बाहेर जाऊन थुंकला आणि तो परत आलाच नाही. नव्या गिटारीवरचा तो पॉलिशचा थेंब काका नखाने खरवडत राहिले. मग त्यांनी विचारलं,

"तारा काढून कापली, का तशीच?"

"काढून."

"बरं केलं. तानलेल्या तारा होत्या. तोंडाले लागल्या असत्या तुह्या."

हे ते उपहासाने बोलले असते तर मी सहन केलं असतं.

"तुकडे आहेत?"

"आहेत."

"आनून दे. आत्ता."

मी मोटारसायकलवर वर्ध्याला आलो, दोन्ही तुकडे गोणपाटात बांधले आणि परत गेलो. तोवर मंडळाची माणसं निघून गेली होती. काकूंनी गोणपाट माझ्या हातातून घेतलं, मला बस म्हटलं नाही. त्यांनी मान आणि खोका त्या रिकाम्या जागी ठेवले, मोडलेली जागा एकमेकांना टेकवून. हळदकुंकू वाहिलं. आत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "निंबाचा पालाही काढून टाकला."

मग काकांनी खोका उचलून मांडीवर घेतला. मान नव्हती, त्यामुळे डावा हात कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. उजवा कोपर मात्र आपल्या जागी जाऊन बसला. त्यांनी त्या उथळ वाटीवर बोटं टेकवली आणि हळूच थाप दिली. मग पुन्हा. खंजिरीचा ठेका, पण जाड, लाकडी आवाजाचा. काकू आत निघून गेल्या. मी ओसरीच्या खाली उभा होतो. कुणी जा म्हणेना, म्हणून थोड्या वेळाने मी आपणच निघालो.

काका आता भजनात त्या खोक्यावर ठेका धरतात आणि गिटार दुसरा कुणीतरी वाजवतो, असं मला आंजीच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. खरं-खोटं पाहायला मी गेलेलो नाही.

पुढे कंपनीची आणखी नवी मालिका निघाली. निवडक सदस्यांना फोन करा, असा निरोप आला, आणि निवडकांत पहिले काकाच होते. कारण त्यांनी 'वारसा' घेतली होती, म्हणजे ते आता आणखी निष्ठावान झाले होते. मी फोन केला नाही. मग कंपनीने परस्पर केला. हे मला काकांकडूनच कळलं. ते तारा न्यायला आले होते. हो, ते अजूनही आमच्याकडूनच तारा नेतात. त्यांनी दुसरीकडून नेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुह्या कंपनीचा फोन आलता," ते काउंटरशी उभे राहून म्हणाले. "काकूनं घेतला. पोरगी म्हने, तुमी आमच्या परिवारातले. तर काकू म्हने, मंग दसऱ्याले सोनं द्याले काऊन नाई आली, बाई?"

ते हसले. मीही हसलो. क्षणभर पूर्वीसारखं वाटलं आणि मी कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं. काकांनी त्या स्टुलाकडे पाहिलं, तारांचं पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "येतो."

पाटी मी काढून टाकली, असं इथे लिहिता आलं असतं. काढलेली नाही. मागच्या महिन्यात पार झिजलेली एक गिटार मी एका डॉक्टरला विकली. तो खूश आहे.

भिंतीवरच्या गिटारींना मात्र तेव्हापासून कुणी सुरात लावलेलं नाही. कॉलेजची मुलं येतात, एखादी खाली काढून छेडतात आणि तोंड वाकडं करतात.

"अंकल, ही तर बेसूर आहे."

"नवी आहे," मी सांगतो. "बसेल हळूहळू."